सतरावी पायरी

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी वैजयंता तारूनं घाटावर उभं राहून मोबाइलमध्ये ‘सोळा’ हा आकडा भरला, अंगठ्याचा ठसा दिला आणि ती चहाच्या टपरीकडं वळली. आपण आत्ता अकराशे माणसांना पाण्यात लोटायची तजवीज करून ठेवली, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. असायचं कारणही नव्हतं म्हणा. नांदवळ्याच्या घाटावर पाणी कुठल्या पायरीला लागलंय हे सांगताना तारूंच्या घरातलं माणूस चुकेल, असं म्हणणारा गावात दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता.

मंजुळा नदी चार दिवस फुगत होती. वर सोनखोऱ्याचं धरण काठोकाठ भरलेलं, दरवाजे उघडलेले. तरी गावात धावपळ नव्हती, कारण धावपळ करायची की नाही हे आता गाव ठरवत नव्हतं, ‘ओघ’ ठरवत होता. ओघ म्हणजे सबंध खोऱ्यासाठी बसवलेली संगणकयंत्रणा. पाऊस किती पडला, धरणात किती साठला, दरवाजे किती उचलायचे, कुठल्या गावात किती वाजता पाणी किती चढणार, सगळं ओघ सांगायचा. सात वर्षांत त्याचं एकदाही चुकलं नव्हतं. प्रत्येकाच्या मोबाइलवर त्याचा एक ठिपका असायचा. हिरवा असला की निवांत भाकरी खा, पिवळा झाला की जनावरं वर न्या, लाल झाला की पळा. त्या सकाळी तो हिरवागार होता.

मग आकडा हातानं भरायची वेळ का आली? तर पुलाखाली टांगलेलं रडार दर मिनिटाला पाण्याची उंची मोजून पाठवायचं, आणि त्यानं सकाळी सतरावी पायरी दाखवली. ओघला ते पटेना. ‘संवेदक संशयास्पद. प्रत्यक्ष पाहून पायरी भरावी,’ असा निरोप त्यानं तालुक्याच्या नोंद केंद्राला धाडला. नोंद केंद्र म्हणजे जुनी सरकारी दप्तरं डिजिटल करायची कचेरी, आणि वैजयंता तिथली सगळ्यांत जुनी पडताळणी सेविका. वय चोपन्न. लग्न झालं होतं, टिकलं नाही, ती माहेरी परत आली. ते प्रकरण निराळं आहे, इथं नको.

चहाचा पहिला घोट घेतेय तोवर मागनं रेहाना शिकलगार आली. मिरजेची पोरगी, केंद्रात लागून दोनच महिने झालेले, पण जिभेला धार जन्माची.

“वैजूताई, तुम्ही सोळा भरलंत?”

“हो. का गं?”

“सोळा कसं? मी आत्ता वरनं मोजत उतरले. चोवीसातल्या सात कोरड्या आहेत. सतरावीला पाणी लागलंय.”

“चोवीस कुठल्या आणल्यास? घाटाला पायऱ्या तेवीस.”

“चोवीस आहेत ताई. पैज लावा.”

“चल, दाखवते.” वैजयंता कप ठेवून उठली आणि वरून बोट नाचवत मोजायला लागली. “तेवीस, बावीस, एकवीस... अठरा, सतरा. त्याखाली हे बुवा. त्याखाली सोळा. बुवाला पाणी लागलंय, म्हणजे सोळा पायऱ्या बुडाल्या. झालं समाधान?”

“बुवा कोण?”

“जिवाजीबुवा. आमचेच पूर्वज. त्या पायरीखाली त्यांची समाधी आहे. तिच्यावर कुणी पाय ठेवत नाही, हात लावायचा आणि ओलांडून जायचं.”

“बरं, पाय नका ठेवू. पण मोजत का नाही?”

“अगं, देवाला कुणी आकड्यात घालतं का, खुळे?”

असं म्हणून वैजयंता हसली. रेहानाही हसली. मग वैजयंताचं हसू ओठांवरच वाळलं. ती भिजलेल्या कठड्यावर तशीच टेकली.

“या खुदा,” रेहाना म्हणाली. तिलाही उमगलं होतं.

आता काय उमगलं ते सांगायचं तर जरा थांबायला हवं. डिजिटल म्हणजे काय, हे वैजयंता शाळेतल्या पोरांना याच घाटावर आणून समजवायची. घाटाला पायऱ्या आहेत, आणि पायऱ्यांच्या अंगाला म्हशींसाठी एक दगडी उतार आहे. उतारावरनं पाणी चढतं ते गुपचूप, केसाकेसानं. ते नेमकं कुठं आहे हे सांगायला शब्द पुरत नाहीत. ‘त्या काळ्या दगडाच्या जरा वर’ म्हणावं, तर तिसऱ्या माणसाच्या कानी जाईस्तोवर ‘जरा’चं ‘बरंच’ होतं. पायऱ्यांवर तसं नाही. पाणी एक तर सोळावर आहे, नाहीतर सतरावर. मधलं काही नाही. दोन पायऱ्यांमधली चार बोटं आपण सोडून देतो, पण हाती जे उरतं तो आकडा असतो. आकडा नदीपलीकडं ओरडून सांगा, तारेनं पाठवा, हजारदा उतरवून काढा, शेवटच्या माणसाला तो पहिल्याइतकाच ताजा मिळतो. कागदाच्या नकलेची नक्कल काढत गेलं की अक्षर विटत जातं. आकड्याची हजारावी नक्कल मुळाइतकीच ठसठशीत. वाटेत एखादा अंक बदललाच तर कळावं म्हणून प्रत्येक ओळीमागं एक जास्तीचा अंक जोडतात. जुने मास्तर गणिताचा ताळा बघायचे ना, त्यातलाच प्रकार. ताळा जुळला की नक्कल बरोबर.

एवढं सगळं ती पोरांना सांगायची. एक गोष्ट सांगायची राहायची, कारण ती तिच्याही डोक्यात कधी आली नव्हती. ताळा असतो तो नकलेचा. मुळातच गफलत असेल तर तीही तितक्याच इमानानं हजार ठिकाणी पोचते, आणि तीही कधी विटत नाही.

वैजयंताचे वडील धोंडीराम तारू, म्हणजे आबा, होडी चालवायचे, आणि सदतीस वर्षं रोज सकाळी आठला घाटाची पायरी सरकारी वहीत लिहायचे. एका दिवसाचा खाडा नाही. पुलाला रडार लागलं तेव्हा ती वही बंद झाली. पण ओघला शिकवताना तीच वही लागली, कारण रडार लागल्यापासून इतक्या वर्षांत पाणी बुवापर्यंत एकदाही चढलं नव्हतं. मोठे पूर फक्त आबांच्या अक्षरात होते. आणि त्या मोठ्या पुरांतला प्रत्येक आकडा एका पायरीनं कमी होता. सरकारच्या तक्त्यात चोवीसही पायऱ्यांची उंची लिहिलेली. आबा अठरा म्हणाले की सरकार अठराव्या पायरीची उंची घ्यायचं, आणि पाणी खरं असायचं एकोणिसाव्या पायरीवर.

यातली खरी जळजळीत गोष्ट पुढंच आहे. पाणी बुवाला लागलं की आबा आकड्याशेजारी कुंकवाचं बोट उमटवायचे. वाचणाऱ्यानं समजून घ्यावं, बुवा धरून वाचा. त्या वह्या डिजिटल करताना यंत्रानं पडद्यावर विचारलं होतं, ‘पानांवर डाग आहेत. काढायचे?’ आणि ‘काढा’ हे बटण दाबलं होतं वैजयंतानं. शेवटी सहीही तिचीच होती: पडताळून पाहिले, बरोबर आहे.

सव्वाआठला तिनं जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात फोन लावला. तिथं निनाद पेडणेकर नावाचा इंजिनिअर होता. मालवणकडचा, हळू बोलणारा, माणूस सरळ.

“तारूबाई, अर्ध्या तासापूर्वी तुम्हीच सोळा भरलंत ना?”

“भरलं. चुकलं माझं. सतरा आहे.”

“पण तुमच्या सोळामुळं ओघचा संशय फिटला. रडार बिघडलंय असं धरून त्यानं ते बाजूला काढलं. सोळानंतर पाणी थबकतं ना, त्याच्याशी तुमचा आकडा जुळला.”

“थबकतं? कशानं थबकतं?”

“सोळाव्या पायरीनंतर नदी कुंभारमळ्यात पसरते, म्हणून काही काळ उंची वाढत नाही. हे ओघनं स्वतः शोधून काढलंय, बाई. आम्ही परिषदेत त्यावर निबंध वाचला.”

“अहो साहेब, कुंभारमळा टेकाडावर आहे! तिथं आजवर पाणी गेलेलं नाही. नदी कुठं थबकत नाही. आमचे आबा बुवाला मोजत नव्हते, म्हणून तुमच्या यंत्राला ती थबकलेली दिसली!”

मग तिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं.

“आज चार वाजता वीस पायऱ्या आणि वर चार बोटं, असं ओघ म्हणतोय,” पेडणेकर शेवटी म्हणाले. “खालच्या वस्तीत अकराशे माणसं, आणि तिचा बंधारा एकविसाव्या पायरीच्या उंचीचा. त्यात तुमची एक पायरी मिळवली तर...”

“तर पाणी बंधाऱ्यावरनं चार बोटं जाणार. मातीचा बंधारा आहे साहेब. एकदा वरून वाहायला लागला की दहा मिनिटं टिकत नाही. ठिपका लाल करा.”

“मला करता येत नाही हो. तुम्ही आता सतरा भरलंत तरी जुन्या वहीशी जुळत नाही म्हणून ओघ तेही नाकारणार, आधी वहीच दुरुस्त व्हायला हवी.”

इथं घोडं अडलं. मागं एका बिल्डरानं कुणाला तरी हाताशी धरून जुन्या नोंदींतले चार अंक फिरवले होते, आणि चार अंकांबरोबर पूररेषा दीडशे मीटर सरकून तिथं इमारती उभ्या राहिल्या होत्या. तेव्हापासून कायदाच झाला. जुनी नोंद बदलायची तर ज्यानं ती लिहिली त्यानंच, त्याच जागेवर उभं राहून, स्वतःच्या तोंडानं दुरुस्ती सांगायची. चेहरा जुळला पाहिजे, आवाज जुळला पाहिजे. इंजिनिअर असो की कलेक्टर, दुसऱ्या कुणाचा हात तिथं चालायचा नाही. कायदा चांगलाच होता. आज तो आडवा आला एवढंच.

“लिहिणारे हयात आहेत?” पेडणेकरांनी भीतभीत विचारलं.

“आहेत. चौऱ्याऐंशी वर्षांचे.”

“साडेअकराच्या आत त्यांना घाटावर आणा. वस्ती रिकामी करायला चार तास लागतात. त्यानंतर लाल झालं काय नि न झालं काय.”

रेहानाला तिनं वस्तीकडं पिटाळलं, निदान म्हातारीकोतारी तरी वर काढ म्हणून. ती अर्ध्या तासात हात हलवत परतली.

“कुणी ऐकत नाही ताई. जो तो मोबाइल नाकापुढं धरतो. हिरवं दाखवतंय की, म्हणतात. मागच्या पावसात अफवेवर घरं सोडली आणि चोरांनी भांडी नेली, ते अजून विसरले नाहीत. एक जण म्हणाला, यंत्रापरीस तू शहाणी लागून गेलीस का?”

“चूक नाही त्यांची,” वैजयंता म्हणाली. “विश्वास ठेवा म्हणून सात वर्षं आपणच सांगत होतो.”

आबा ओट्यावर बसून दूध-भाकरी खात होते. भिंतीवर त्यांचं सरकारी सन्मानपत्र. वैजयंतानं उभ्याउभ्याच सांगून टाकलं, घाटावर चला, बुवाला सतरावी म्हणून मोजायचंय.

आबांनी वाटी खाली ठेवली. “काय म्हणालीस?”

तिनं पुन्हा सांगितलं. ओघ, कुंभारमळा, बंधारा, सगळं.

“म्हंजी माझी वही खोटी?”

“खोटी नाही, आबा.”

“सदतीस वर्सं! तुझी आई गेली त्या दिवशी बी आठाच्या ठोक्याला घाटावर हुतो म्या. पायरी लिवली, मंग तिला न्हेली. आन् आज तू मला सांगतीस वही चुकली?”

“वही बरोबर होती. वाचणारं माणूस होतं तोवर.”

“तेच म्हंतो! मामलेदाराला ठावं हुतं, तलाठ्याला ठावं हुतं. कुकवाचं बोट दिसलं की बुवा धरून वाचायचं. अडाणी मानसाला कळत हुतं. तुज्या यंत्राला कळंना, तर माजा काय दोष?”

“दोष तुमचा नाही. माझा आहे.” वैजयंता भिंतीवरच्या सन्मानपत्राकडं बघत म्हणाली. “ती कुंकवाची बोटं मी पुसली. यंत्रानं विचारलं डाग काढू का, मी म्हटलं काढ. मला ठाऊक होतं आबा, ते डाग नव्हते. तुमचं बोट मी ओळखणार नाही? पण रकान्यात बसत नव्हतं. अंक तेवढे ठेवायचे असं वरनं सांगितलेलं. मी म्हटलं, कुंकवाचं काय एवढं! पूर्वी तुमचा आकडा चार माणसांच्या हातांतनं जायचा, आणि ज्याच्या हाती जाईल त्याला गाव ठाऊक असायचं. मी त्याला एकट्यालाच धाडलं. जिथं गेला तिथं बुवा कोण हे सांगणारं कुणी नाही.”

आबांनी वाटी दूर सारली. मग म्हणाले, “पुसलंस तू, निस्तर तू. माज्या बापानं बुवाला मोजलं न्हाई, त्येच्या बापानं मोजलं न्हाई. म्या मरायच्या टायमाला त्येला आकड्यात घालू?” आणि त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

दहा वाजून गेले होते. वैजयंताला बापाच्या त्या पाठमोऱ्या, वाकलेल्या खांद्यांची दया आली, आणि त्याच क्षणी त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं. ती समोर जाऊन खाली बसली.

“आबा, जिवाजीबुवा कशानं गेले?”

“समद्या गावाला ठावं हाय.”

“मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. कशानं गेले?”

“...पुरात.”

“पुरात काय करत होते?”

आबा ओट्यावरचे भाकरीचे कण वेचायला लागले.

“सांगा ना! काय करत होते?”

“मानसं काढत हुते. होडीतनं.”

“कुठली माणसं?”

“खालच्या वस्तीतली.” आवाज आता जेमतेम ऐकू येत होता. “सहा खेपा झाल्या. सातवीला होडी फिरली.”

“तीच वस्ती आज बुडणार आहे. बुवांचा मान राखायचा म्हणून बुडणार आहे. वर गेल्यावर त्यांना काय सांगाल ते तुमचं तुम्ही बघा. मला तर त्या पायरीला पुन्हा हात लावायचं तोंड उरणार नाही.” ती बोलून गेली आणि उठली.

ती दारापर्यंत पोचली तेव्हा मागनं आवाज आला. “टोपी दे माजी. आन् चालत न्हाई जमायचं, खुर्ची घ्या.”

होडीवाल्यांच्या घरांतली चार माणसं प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट आबांना घाटावर घेऊन आली तेव्हा अकराला दहा मिनिटं होती. पाणी अठराव्या पायरीवर खेळत होतं. बुवा पाण्याखाली गेले होते. रेहानानं एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरला. पडद्यावर पेडणेकरांचा चेहरा होता, आणि खाली ओघच्या सूचना उमटत होत्या.

“चेहरा जुळला,” पेडणेकर म्हणाले. “आजोबा, तुम्ही फक्त पायऱ्या मोजायच्या. सतरावी कुठली ते दाखवून वरपर्यंत.”

आबा एकोणिसाव्या पायरीवर बसले. पाय अठराव्या पायरीवरच्या पाण्यात. वैजयंतानं त्यांना कमरेला घट्ट धरलं. ते वाकले, आणखी वाकले, हात खांद्यापर्यंत गढूळ पाण्यात गेला, हनुवटीला पाणी लागलं. बोटांना दगड लागला तसे त्यांनी डोळे मिटले.

“बुवा, आज तुमाला आकड्यात घालतो,” ते म्हणाले. “अपराध पोटात घाला.” आणि मग, “सतरा.”

पडद्यावर अक्षरं आली. ‘आवाज अस्पष्ट. कृपया पुन्हा सांगावे.’

“मेल्या यंत्रा!” रेहाना ओरडली.

जे एकदा म्हणायला चौऱ्याऐंशी वर्षांची छाती फाटली, ते पुन्हा म्हणायचं! वैजयंताला वाटलं, आता संपलं, आता आबा हात काढून घेतील. आबांनी मान वर केली. तोंडावरचं पाणी झटकलं. तरुणपणी या तीरावरनं त्या तीराला हाक मारायचे, तसा त्यांनी आवाज लावला.

“सतराऽ!”

‘नोंदले.’

“अठरा,” आबा म्हणाले, आणि उठले. खुर्ची त्यांनी हातानंच नको म्हटली. लेकीच्या खांद्यावर भार टाकून ते एकेक पायरी चढायला लागले. “एकोणीस. वीस.” पायरीगणिक दम घ्यायला थांबत होते, पण आकडा चढ्या आवाजातच. “एकवीस. बावीस.” घाटाच्या माथ्यावर माणसं जमली होती. “तेवीस,” म्हणताना त्यांचा आवाज कापला, कारण आजवरचा घाट इथं संपत होता आणि पुढं आणखी एक पायरी उरली होती. तिच्यावर त्यांनी पाय ठेवला. “चोवीस.”

पुढचं काम पेडणेकरांचं होतं. वैजयंतानं डाग काढले होते ते नकलेतले. पानांची मूळ छायाचित्रं जशी घेतली तशी केंद्राच्या साठवणीत शाबूत होती. डिजिटल जपणुकीचा हा गुण मानायलाच हवा, आपण मूळ फेकलं नाही तर चूक परत फिरवता येते. दोनशे बारा पानांवर कुंकवाची बोटं सापडली. ओघनं सदतीस वर्षं नव्यानं वाचली. त्याला लागले सहा सेकंद. कुंभारमळ्यातलं ते पसरलेलं पाणी नाहीसं झालं, रडार खरं ठरलं, आणि अकरा वाजून बावीस मिनिटांनी नांदवळ्यातल्या प्रत्येक खिशातला ठिपका हिरव्याचा थेट लाल झाला.

मग काय विचारता! जे सकाळी रेहानाला हसले होते, तेच गाठोडी डोक्यावर घेऊन धावत सुटले. साखर कारखान्याचे ट्रॅक्टर आले, शाळेच्या बस आल्या. साडेतीनला वस्तीत कुत्रंसुद्धा उरलं नव्हतं. चार वाजून दहा मिनिटांनी पाणी बंधाऱ्यावरून वाहायला लागलं. चार बोटं. दहाच मिनिटांत बंधारा दोन ठिकाणी फुटला आणि पावणेपाचच्या आत घरं कौलांपर्यंत बुडाली. बाजार समितीच्या गोदामांत सरपंचांनी डोकी मोजली, दोनदा मोजली. अकराशे सात. एकही कमी नाही.

गाव पाया पडायला येईल असं कुणाला वाटलं असेल तर त्याला गाव ठाऊक नाही. निम्मं गाव आलं. निम्मं गाव म्हणायला लागलं, बुवाला आकड्यात घातलं म्हणूनच बंधारा फुटला. आबांच्या कानावर ते गेलं आणि दोन दिवस त्यांनी अन्नाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी वैजयंतानं ताट पुढं ठेवलं. “आबा, माणसं जिवंत आहेत म्हणून तर बोलतायत,” ती म्हणाली. आबांनी तिच्याकडं टक लावून बघितलं आणि भाकरी मोडली.

तिला निलंबनाचा कागद आला. पडताळणीत हयगय. रेहाना भांडायला निघाली होती, पण वैजयंतानं सही करून दिली. हयगय झाली होती, आणि तिनंच केली होती.

त्याच संध्याकाळी पेडणेकरांचा फोन आला. ते पहिल्यांदाच भरभर बोलत होते. ओघ अशा त्रेचाळीस घाटांच्या वह्यांवर शिकला होता. सगळ्यांचा ताळा जुळत होता, सगळ्यांचे डाग काढलेले होते.

“बाकीच्या बेचाळीस ठिकाणी काय असेल, बाई?”

“मला काय ठाऊक? जाऊन विचारायला हवं.”

“पण तुम्ही निलंबित आहात. मला तुम्हाला पाठवता येणार नाही, गाडी देता येणार नाही.”

“मी कुठं गाडी मागितली?”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती निघाली. रेहानानं आजारपणाची रजा टाकली आणि शेजारच्या सीटवर येऊन बसली. पहिलं गाव पिंपरणे, नदीच्या खालच्या अंगाला. पूर ओसरून घाटावर चिखल उरला होता, आणि एक म्हातारी खराट्यानं तो लोटत होती. गुरवाची आई, गजराबाई. वैजयंतानं पदर खोचला, दुसरा खराटा उचलला आणि तिच्या जोडीनं चार पायऱ्या झाडल्या. मग विचारलं.

“मावशी, तुमच्या घाटावर पाय ठेवत नाहीत अशी एखादी पायरी आहे का हो?”

म्हातारीनं कमरेवर हात ठेवून तिला खालीवर न्याहाळलं.

“येकादी?” ती म्हणाली. “तीन हायत, बाई. तुला कुठली पायजे?”